काळीजपानाचा कुळनिवाडा

ज्या ओलीवाचून दगडावर काही हिरवे धरत नाही, त्या ओलीस आधी नमस्कार असो. शके सोळाशे अठ्ठ्याहत्तर, धातानाम संवत्सरी, श्रावणमासी घाटावरील एका राज्यात जे घडले, ते ऐकिले तैसे लिहिले आहे.

त्या राज्यात वडिलांपासून कायदा होता की, जे जे उगवते त्यास कूळ असावे, आणि रूप ज्यासारखे त्याचेच ते कूळ. अक्रोड मेंदूच्या कुळात, बदाम डोळ्याच्या कुळात, आणि ज्या अवयवास दुखणे जाहले त्यास त्याच्याच कुळातील औषध द्यावे. कुळांचा निवाडा नारोपंतांकडे होता. पंत कामास चोख आणि बोलण्यास थोडे. गडामागील दरीत काळीजपान म्हणोन एक हिरवे होई. त्यास मूळ नाही, फूल नाही, बी नाही, ओल्या कातळास चिकटून चपटे पसरे, आणि बोकडाचे काळीज, म्हणजे यकृत, कापून ठेविले तैसे दिसे, म्हणोन ते यकृताच्या कुळात होते. मग गेल्या साली पंतांची बायको अन्नपूर्णाबाई यांस कावीळ जाहली आणि उजव्या कुशीत दुखू लागले, तेव्हां गंगाधरभट वैद्यांनी याच पानाचा काढा दिला, आणि पंतांनी तो आपल्या हाते पाजिला, आणि दुसरे औषध केले नाही, आणि बाई वारल्या.

आजारात बाईंस न्हाणीतील फरशीवर निजवून अंग पुसीत आणि उरला काढा तेथेच ओतीत. मग पावसाळा लागला आणि त्या फरशीवर काळीजपान धरले, आणि पसरता पसरता त्यास निजल्या बाईचा आकार आला. मान कलती, गुडघा दुमडलेला, हात उजव्या कुशीवर. मग त्यातून बारीक देठ उठले आणि देठांच्या टोकांस हिरवे पंजे फुटले, बोटे खाली झुकलेली. पंत रोज सकाळी पाट घेऊन तेथे बसत आणि दूध नासले, गडी न सांगता गावी गेला, ऐसे घरचे बोलणे बोलत, आणि बोलून थांबले म्हणजे पंजे हलत. न्हाणीत वारा नसे. बाईंचे धाकटे बंधू चिंतोपंत येत, ते उंबऱ्यातूनच म्हणत, "ताई, बरी आहेस ना?" कायदाही त्यांचेच बाजूने होता. रूप बाईंचे, तेव्हां कूळही बाईंचेच.

ऐशात राणीसाहेबांचे डोळे पिवळे जाहले आणि उजव्या कुशीत कळ उठली. गंगाधरभट म्हणो लागले, काळीजपान द्यावे. दुसरे एक वैद्य नवे आले होते, ते म्हणो लागले, त्यात दिवस दवडाल तर हाती काही राहणार नाही, माझे औषध व पथ्य आजच सुरू करा. मग महाराजांनी पंतांस बोलाविले आणि बोलिले, "हे पान खरेच यकृताचे आहे काय, ते पाहून उद्या दरबारात सांगा. तुम्ही सांगाल तैसे करू."

पंत घरी आले तो चिंतोपंत ओसरीवर सुपारी कातरीत होते.

"दाजी, पाहायचे काय त्यात? आंधळाही चाचपून सांगेल, काळीज आहे."

"काळीज असते तर तुझी ताई वाचली असती, चिंतोबा."

"मग न्हाणीत कोण निजले आहे?"

"तेच पाहायचे आहे. कापून."

अडकित्ता थांबला. "जन्मात तिच्यावर हात उगारला नाहीत, आणि आता सुरी लावणार? दाजी, उद्या रूपाचा कायदा मोडलात तर ती कोण राहील? शेवाळ!"

"न मोडला तर राणीसाहेब जातील."

"जाऊ देत. त्यांच्यामागे रडायला अख्खा गड आहे. आपल्याला ही एकच."

पंत उठले. सुरी आणि भिंग घेऊन न्हाणीत गेले, आणि "थोडे दुखेल हो," ऐसे म्हणोन खांद्याचा तुकडा कापून घेतला. कापिताच ओल्या लाकडाचा उग्र वास सुटला. मग पाहो लागले. वरील अंगास बारीक छिद्रे, जणू उघडी तोंडे, आणि आत हवेच्या कोठड्या, आणि खाली दगड धरून राहिलेले केस. रक्ताची वाट नाही, पित्ताचा मागमूस नाही. पाठीवर इवल्या वाट्या आणि वाट्यांत हिरव्या चकत्या. पाण्याचा थेंब पडे आणि चकती उडून दूर पडे, आणि तेथे आपला संसार मांडी. मग दरीतून त्याचे सोयरे आणविले आणि तेही पाहिले. पाहणे संपवून पंत उठले आणि फरशीकडे नजर गेली, तो कुशीवरला हात खांद्यावर, कापल्या जागी, आला होता.

पंतांनी सुरी धुवून ठेविली. मग सकाळी पागोटे घातले आणि दरबारास गेले.

तेथे बोलिले, "महाराज, रूपावरून कूळ ठरत नाही. काळीजपान आणि त्याचे सोयरे, यांची घरे दोन. एक चपट्यांचे, दुसरे बारीक पाने ओळीने लावणाऱ्यांचे. तिसरे शिंगवाले, ते चपट्यांसारखे हुबेहूब दिसतात, परंतु त्यांचे फळ शिंगासारखे वाढते आणि उभे चिरते, म्हणोन ते या कुळाचेच नव्हत. कसे बांधले आहे आणि वंश कसा वाढतो, ते पाहावे. काळीजपान यकृताचे कोणी नव्हे."

गंगाधरभट तापले. "तर मग पंत, तुमच्या न्हाणीत कोण आहे तेही दरबारास सांगा. रोज बोलता म्हणे!"

दरबार हसला. महाराज हसले नाहीत. पंतांची मान खाली होती, ती वर जाहली.

"चपट्या घरचे काळीजपान आहे. माझी बायको गेल्या साली वारली."

मग महाराजांनी कायदा मोडिला आणि नव्या वैद्यांचे औषध सुरू जाहले, आणि कार्तिकात राणीसाहेब आपल्या पायांनी देवदर्शनास गेल्या. पंतांनी न्हाणीस कुलूप घातले. त्याआधी चिंतोपंतांनी फरशीवरचा एक तुकडा ओल्या फडक्यात घालून आपल्या घरी नेला होता. ते घर नवे बांधिलेले, बाई तेथे कधी राहिल्या नव्हत्या. तेथे तो तुकडा परसातील दगडावर धरला आणि पसरला, आणि चिंतोपंतांनी माणूस धाडिला की, "दाजी, चेहरा आला आहे, या." पंतांनी निरोप ऐकिला आणि माणसास गूळपाणी दिले, आणि गेले नाहीत. माणूस अजून येतो.

एकंदर, राणीसाहेब वाचल्या, काळीजपानास त्याचे कूळ मिळाले, आणि नारोपंत विधुर जाहले. इतकी हकीकत.