शेळीची भट्टी आणि उंटाची भागीदारी

एका जंगलात, पोरांनो, खैरूनबी नावाची शेळी राहायची. नवरा लांडग्यानं नेलेला, पदरात तीन करडं. नानखटाई मात्र अशी करायची, की वाघसुद्धा दोन घटका शाकाहारी व्हायचा! पण भट्टीच नव्हती बिचारीकडे. चुळबुळ नको रे, ऐका!

आधी ती कोल्हासावकाराकडे गेली.

"देतो की पैसे," कोल्हा म्हणाला. "व्याज महिन्याच्या महिन्याला. चुकलीस, तर झोपडी माझी."

शेजारच्या खारीनं त्याच्याकडूनच कर्ज घेतलं होतं. ती आता त्याच्या सावलीलाही वाकून नमस्कार करायची. खैरूनबीच्या डोळ्यांपुढे आपली करडं उघड्यावर पडलेली दिसू लागली. ती घाबरून माघारी फिरली आणि हाजीचाचांकडे गेली.

हाजीचाचा म्हणजे उंट. जंगलात उंट कसा, असं विचारायचं नाही. गोष्टीत असतो.

"व्याज आमच्यात हराम, बेटी," चाचा म्हणाले. "पैसा माझा, मेहनत तुझी. नफा निम्मा-निम्मा. बुडालं, तर माझा पैसा बुडाला, तुझे कष्ट बुडाले."

भट्टी पेटली. आठव्या दिवशी वादळ आलं आणि भट्टी भुईसपाट! खैरूनबीनं रडत रडत गळ्यातली चांदीची घंटा काढून चाचांपुढे ठेवली.

"घाल ती गळ्यात!" चाचा ओरडले. "आपलं ठरलं काय होतं? चल, विटा उचल."

विटा चाचांनीच पाठीवरून आणल्या. स्वतःचा पैसा अडकलेला ना! बाजारात डबेही तेच पोचवू लागले. धंदा चालला, तशी चाचांची जीभही चालली. "तूप कमी घाल. आच वाढव."

एके दिवशी खैरूनबी भडकली. "चाचा, भट्टीतलं तुम्हाला काय कळतं? बसा तिकडे गप!"

चाचा गप बसले. ते बघून आणखी चौघी जणी त्यांच्या भागीदार झाल्या. चाचांना गप बसवायलाही शिकल्या.

पुढे सिंहमहाराजांनी 'नारी-उद्धारक' पुरस्कार काढला आणि स्वतः पाहणीला निघाले. आधी खारीकडे गेले, तर खार जमिनीला टेकली. "सगळी कोल्हेसाहेबांची कृपा, महाराज!" महाराजांना गहिवरून आलं.

मग ते भट्टीवर गेले.

"महाराज, पाय बाहेर ठेवा, पीठ मळतेय," खैरूनबी म्हणाली. "नानखटाई हवी असेल, तर रांगेत उभे राहा."

पुरस्कार अर्थातच कोल्ह्याला मिळाला.

तात्पर्य : बाईमाणसाला नेहमी कर्जच द्यावं. भागीदारी दिली, की ती स्वतःच्या पायावर उभी राहते. मग आपण उद्धार करायचा कुणाचा?