अल्बममधला गोरा नवरदेव

पुस्तक आणलं की आपलं काम संपलं, असं भुपेंद्रला वाटलं. बिचारा ऑफिस करून थकलेला, आणि थकलेल्या बापाला पोरीशी बोलण्यापेक्षा पुस्तक विकत घेणं सोपं वाटतं.

झालं असं, की त्याच्या टीनाने तळ्यावर मासे धरणाऱ्या हिरालालच्या रुपाला तोंडावर सांगितलं, "तू काळी आहेस, माह्या बाजूले बसू नोको." रुपा रडत गेली ती परत अंगणात फिरकली नाही. टीनाला दुसरी मैत्रीण नाही, त्यामुळे घरात नुसती किरकिर.

"तसं काहून बोलली तू?" भुपेंद्रने विचारलं.

"तुमीच तं म्हणता, उन्हात जाऊ नोको, काळी होशील."

(यावर बापाने पंखा उगाच बंद करून चालू केला.)

पुस्तकात देशोदेशीची मुलं होती, काळी, सावळी, गोरी. भुपेंद्र रोज संध्याकाळी जांभया देत वाचायचा.

"हा पोरगा काळा आहे, तं वाईट नाही?"

"नाही वं बाई. ज्याचा जो रंग, तो चांगला. लपवाचा कायले?"

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते बायकोलाही ऐकवलं. खुशबू नुसती हसली.

रविवारी टीना स्वतः जाऊन रुपाला हाताला धरून घेऊन आली. भुपेंद्रचा जीव भांड्यात पडला आणि तो लगेच आडवा झाला.

उठून पाहतो तर दोघी पोरी लग्नाचा अल्बम उघडून, तपकिरी स्केचपेनने नवरदेवाचं तोंड रंगवताहेत. फोटोवाल्याने त्याला मैद्यासारखा पांढरा केला होता. (स्थळाला पाठवलेला फोटोही त्याच फोटोवाल्याचा.)

"काय करून राहिल्या तुमी?"

"फोटोवाल्यानं तुमचा रंग लपवला होता, पप्पा. आमी वापस आणला. रुपाच्या हातासंग मिळवून पाह्यला."

रुपाने हात पुढे केला. रंग अगदी तोच होता. भुपेंद्रने रागवायला तोंड उघडलं, पण इतक्या दिवसांनी परत आलेली रुपा हसत होती. तिला पुन्हा रडवायचं त्याच्या जिवावर आलं. तो पोरींजवळ खाली बसला.

"पण पप्पा, पयले इथं होता तो गोरा माणूस कोन?"

चहा घेऊन आलेल्या खुशबूने अल्बममध्ये डोकावून पाहिलं.

"त्याचाच फोटो पाहून तं मी होकार देल्ला होता," ती म्हणाली. "तो काही अजून आला नाही."