सुळेराव उठेनात

एका जंगलात, बाळांनो, मोबाईलला रेंज नव्हती, पण मोबाईल होता. सहलीला आलेल्या माणसांकडून माकडाने तो पळवला होता. त्यात एकच गेम होता. बॅटरी दोन दिवसांत संपली, पण जंगलाचं त्या गेमचं वेड काही उतरलं नाही.

गेमचा नियम सोपा होता. गोष्टीत चांगला पर्याय निवडला, की लढाईत बळ वाढतं. बळ वाढलं की पातळी वाढते. मग खलनायकाला भिडायचं.

भुरक्या सशाला हा नियम फारच आवडला होता. अशात एके सकाळी सुळेराव नावाचं रानडुक्कर त्याच्या बिळाच्या तोंडावर येऊन बसलं. आत भुरक्याची बायको कापशी आणि सात पिल्लं. बाहेर पडायला वाट नाही!

"अहो, ह्यांना उठवा ना!" कापशी आतून ओरडली.

"अगं, माझी पातळी अजून तिसरीच आहे!"

"पण हे कण्हतायत हो!"

"खलनायक कण्हतातच," भुरक्या म्हणाला आणि टुणटुण उड्या मारत परोपकाराला निघाला.

त्याने कासवाचं हरवलेलं पिल्लू शोधलं. मोराचं पडलेलं पीस आणून दिलं. हरणाच्या पायातला काटा काढला, अस्वलाच्या काढला, कोल्ह्याच्या तर दोनदा काढला. दर वेळी माकड झाडावरून ओरडे, "पातळी वाढली!" की भुरक्या आनंदाने कोलांटी उडी मारी.

तिसऱ्या दिवशी तो विसाव्या पातळीवर पोचला आणि छाती काढून बिळापाशी आला. बघायला सगळं जंगल लोटलं.

माकडाने पर्याय पुकारले, "एक, धमकी! दोन, विनंती! तीन, हल्ला!"

भुरक्या सज्जन. त्याने दोन निवडला. "उठा हो, सुळेराव."

"उठता येत नाही रे बाबा," सुळेराव म्हणाले.

"नकार आला!" माकड नाचायला लागलं. "लढाई सुरू!"

भुरक्याने धावत येऊन पहिल्या पातळीची एक लाथ घातली. सुळेराव दचकले. पोटाखाली दुमडलेला मागचा पाय झटक्यात लांब झाला आणि बिळात शिरला. खुरात हा एवढा बाभळीचा काटा! कापशीने तो दातात धरला आणि ओढला.

"आई गं! सुटलो!" सुळेराव उठून उभे राहिले. "तीन दिवस बसलोय. काय झालंय, असं एकानेही विचारलं नाही. उपकार झाले, वहिनी." पिल्लं धडाधड बाहेर पडली.

भुरक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुळेराव, असं काय करता? माझी अजून एकच लाथ झालीय! एकोणीस पातळ्यांचं बळ तसंच शिल्लक आहे! पुन्हा बसा ना."

सुळेराव भिडस्त. "बसलो असतो, पण त्यासाठी पायात काटा हवा."

"आत्ता आणतो!" म्हणत भुरक्या टुणटुण उड्या मारत बाभळीकडे पळाला.

कापशीने पिल्लांना सुळेरावांच्या पाठीवर बसवलं आणि ती माहेरी निघून गेली.

तात्पर्य: शत्रूला काय होतंय, हे कधीही विचारू नये. लढाई होत नाही, आणि जन्मभराचा चांगुलपणा फुकट जातो.