ईराण्णांची बांधाबांध

आमच्या समोरच्या माडीवरून अधूनमधून एक पुडकं रस्त्यावर पडायचं. शाहूपुरीत नवा आलेला माणूस दचकून वर बघायचा. वर गॅलरीच्या कठड्यावर धोतर-बंडीतले ईराण्णा ओणवे झालेले असायचे. ते खालच्या माणसाला अगदी शांतपणे विचारायचे, "पावणं, तेवढं बघा की. फुटलंय का?"

पुडकं शाबूत असलं तर ते पावण्यानंच माडीवर नेऊन द्यायचं, अशी रीत पडली होती. मग त्याला आत बसवून चहा मिळायचा. फुटलेलं असलं तर रस्त्यावर तांबड्या चटणीचा सडा पडायचा, सायकलवाले शिंकत खाली उतरायचे, आणि ईराण्णा "म्हंजे अजून एक पिशवी लागतीया" असं पुटपुटत आत जायचे. समोर राहायला आलो त्याच आठवड्यात मी असा एक पावणा झालो. चहा पिताना कळलं, की त्या पुडक्यातली कांदा-लसूण चटणी अमेरिकेला निघाली होती आणि मी तिची परीक्षा घेतली होती.

ईराण्णांची गुळाची अडत होती. आयुष्यभर त्यांनी हमालांना लॉरीत ढेपा टाकताना पाहिलं होतं. विमानतळावरही असेच हमाल असणार आणि तेही तशाच पेट्या फेकणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. "हमाल तो हमाल, मास्तर. मुंबैचा काय आन् अमेरिकेचा काय. वरनं टाकून टिकलं तर खाली टिकतंय," असं ते मला सांगायचे. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. तेवढ्यावर मी त्यांचा मास्तर झालो होतो.

हा नाद त्यांना लेकीमुळं लागला. त्यांची एकुलती एक शैला लग्न होऊन अमेरिकेला गेली, तेव्हा आमच्या भागातून परदेशी जाणारी माणसं मोजकीच असायची. ईराण्णांनी तिच्यासाठी चटणीचा डबा भरला आणि ओळखीच्या कारागिराकडून त्याचं झाकण कथलाचा डाग देऊन बंद करून आणलं. डबा माडीवरून टाकला, जिन्यावरून गडगडवला, त्यावर स्वतः उभे राहिले. काही झालं नाही. मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं शैलाला डबा उघडायला सांगितलं, तेव्हा मात्र तो कुणालाच उघडेना. शेवटी शैला पुढं गेली आणि डबा तिथंच राहिला.

ही बातमी फोनवर कळली तेव्हा ईराण्णा दोन दिवस अडतीवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीला नवा नियम सांगितला. लपवायचं नाही. डाग द्यायचा नाही. विचारायच्या आधीच उघडून दाखवायचं. "आवो, तपासणारा बी माणूसच हाय की," असं ते म्हणायचे. "उघडून दावलं की त्येचं निम्मं काम हुतंय."

पुढं गल्लीतली पोरं भराभर कॉम्प्युटर शिकून परदेशी जायला लागली आणि ईराण्णांची माडी म्हणजे जणू विमानतळाच्या आधीचा विमानतळ झाली. कुणाच्या पोराचा व्हिसा आला की पेढ्यांचा पहिला पुडा देवाला आणि दुसरा ईराण्णांना. मग ईराण्णा बांधाबांधीला बसायचे. आधी पिशवी, मग कागद, मग दुसरी पिशवी, मग जुन्या साडीचा तुकडा, मग सुतळी. त्यांची गाठ मात्र एका झटक्यात सुटायची. तपासणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सामानात खोबऱ्याची वाटी दिसली की काढून ठेवायचे. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. लोणचं हातातल्या पिशवीत ठेवणाऱ्याला तर ते रागावायचेच. लोणचं मोठ्या पेटीत, मध्यभागी, चारी बाजूंनी कपडे. त्यात बदल नाही.

चुका त्यांच्याही व्हायच्या. माझा पुतण्या नितीन पहिल्यांदा अमेरिकेला निघाला, तेव्हा ईराण्णांच्या मनात आलं, की तपासणाऱ्याला वाचूनच कळलं तर उघडायचाही त्रास नको. त्यांनी पुडक्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं: ही चटणी आहे, बॉम्ब नाही. बहुधा त्यातला एकच शब्द वाचला गेला. नितीनला वेगळ्या खोलीत बसवलं, त्याचे मोजेसुद्धा झटकून पाहिले, आणि विमान सुटायच्या बेताला असताना सोडलं. मी हे ईराण्णांना सांगितलं, तर त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मग म्हणाले, "खरं तर खरंच लिवलं हुतं की."

या सगळ्यात त्यांची बायको गौराक्का फारशी दिसायची नाही. पण बांधायला जे काही असायचं ते तिनं केलेलं असायचं. लेकीचंच नव्हे, ज्या घरात करणारं कुणी नसेल त्या पोराचंही ती करायची. तिचं लिंबाचं लोणचं तर वर्षानुवर्षं गॅलरीत उन्हं खात मुरायचं. ईराण्णा तिला सुतळीला हात लावू देत नसत आणि ती त्यांना बरणीला हात लावू देत नसे. "त्येनी वरनं टाकायचं, म्या खालनं पुसायचं," असं ती माझ्या बायकोला हसत सांगायची. तिला विमानात बसायची फार हौस होती. शैलाला दिवस गेले की बाळंतपणाला आपणच जायचं, असं तिनं ठरवूनच ठेवलं होतं.

तो योग आला नाही. एका उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. दुखणं पोटात वाढत गेलं आणि पावसाळ्यात ती गेली. शैला आली, राहिली आणि परत गेली. जाताना तिच्या पेटीत खाण्याचं काही नव्हतं. त्यानंतर माडीवरून पुडकं पडणं थांबलं. कुणी बांधून मागायला आलं तर ईराण्णा म्हणायचे, "आता दुकानात मिळतंय की सगळं." ते संध्याकाळी गॅलरीत बसायचे, पण रस्त्याकडं पाठ करून.

वर्षभरानं ते एका सकाळी आमच्या दारात उभे राहिले. हातात टोपी होती. आत येईनात. माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, डिंक तळायचा कसा, तेवढं दावा."

शैलाला दिवस गेले होते. सासू थकलेली, तिकडं कुणी नव्हतं. ईराण्णांनी फोनवर सांगून टाकलं होतं, की मी येतो.

बाळंतपणाला बाप निघालाय, हे गल्लीला पचायला जड गेलं. अडतीवर तर चेष्टाच झाली. ईराण्णा मात्र रोज आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसायचे. डिंक करपवला, अळीव सांडलं, लाडू वळताना ढेपेसारखे मोठे वळले. हळूहळू जमलं. बायकोनं त्यांना बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचंही दाखवलं, उशी घेऊन. साठीचा तो धिप्पाड माणूस उशीच्या कानात पाणी जाऊ नये म्हणून तळहात आडवा धरायचा. ते बघून हसू यायचं, पण आम्ही हसलो नाही.

निघायच्या आधी शैलानं एकच गोष्ट मागितली. तिला काही खावंसं वाटत नव्हतं, नुसत्या पाण्यानं उमळायचं. फोनवर ती म्हणाली, "अप्पा, आईचं लोणचं ऱ्हायलंय का थोडं?" राहिलं होतं. एक लहान बरणी, तीही अर्धी.

नितीन सुट्टीला आला होता. त्याच्याच विमानात ईराण्णांचं तिकीट काढलं, म्हणजे सोबत होईल. पुढचं मला त्यानंच सांगितलं.

मुंबईच्या विमानतळावर मोठ्या पेट्या आत गेल्या. लाडू, मेतकूट, चटणी, सगळं नियमानं बांधलेलं. मग हातातल्या सामानाच्या तपासणीला रांग लागली, आणि ईराण्णांनी पिशवीतून लोणच्याची बरणी बाहेर काढली. नितीन चकित झाला. त्यानं विचारलं, तर ते म्हणाले, "पेटी हारवली तर रं?"

कुणी सांगायच्या आधीच त्यांनी झाकण काढून बरणी तपासणाऱ्यापुढं धरली. तो उत्तरेकडचा, वयानं नितीनएवढा. त्यानं हिंदीत सांगितलं, की लोणचं हातात नेता येणार नाही, रस आहे, आणि शेजारच्या टोपल्याकडं बोट दाखवलं. टोपलं लोकांच्या बाटल्यांनी भरलेलं होतं.

नितीनला वाटलं, आता आवाज चढणार. गुळाच्या सौद्यातला त्यांचा आवाज त्यानं लहानपणापासून ऐकला होता. पण ईराण्णांनी आपल्या मराठी मिसळलेल्या हिंदीत हळूच विचारलं, "साब, रस नको, का फोडी बी नको?"

तपासणाऱ्यानं वाकून बरणीत पाहिलं. मग म्हणाला, फक्त रस नको.

ईराण्णा बरणी घेऊन बाजूच्या बाकावर बसले. नितीनकडून कागदी रुमाल मागून घेतले आणि मांडीवर पसरले. मग बरणीत बोटं घालून एकेक फोड काढायची, काठावर दाबून निथळायची, दोन बोटांनी निपटून घ्यायची आणि कागदावर ठेवायची, असं सुरू केलं. वर्षानुवर्षं मुरलेल्या त्या फोडी काळपट, मऊ झाल्या होत्या. जोरात दाबलं की तुटायच्या, म्हणून त्यांचा हात अगदी सावकाश चालला होता. रांगेतली माणसं बघत होती. काहीजण हसले. नितीन घड्याळाकडं बघत एकेक कागदी रुमाल पुढं करत होता.

थोड्या वेळानं तो तपासणाराच एक पारदर्शक पिशवी घेऊन आला आणि त्यांच्यापुढं धरली. त्यानं विचारलं, कुणी केलंय. घरवालीनं, असं ईराण्णा म्हणाले. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, की मग एवढं काय, त्या पुन्हा करतील.

"नही साब," ईराण्णा फोड पुसत म्हणाले. "अब नही करेगी."

तपासणारा फोडी संपेपर्यंत पिशवीचं तोंड उघडं धरून उभा राहिला. शेवटी बरणीत रस तेवढा उरला. ईराण्णांनी झाकण घट्ट लावलं आणि टोपल्यात बरणी टाकली नाही, ठेवली. कलंडणार नाही अशी, दोन बाटल्यांच्या मध्ये.

विमानात त्यांचं काहीतरी बिनसलंय असं नितीनला वाटत राहिलं. ते डाव्या हातानं चमच्यानं जेवले. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, त्याचा कशालाच स्पर्श होऊ देत नव्हते. झोपतानाही तो तसाच. हाताला लागलंय का, असं नितीननं दोनदा विचारलं. नाही म्हणून त्यांनी हात आणखी अलगद जवळ घेतला.

अमेरिकेत उतरल्यावर तिथल्या तपासणाऱ्यापुढंही त्यांनी पिशवी आपणहून उघडली. त्यानं आत बघितलं आणि जा म्हणून सांगितलं.

बाहेर शैला उभी होती. चांगलीच अवघडलेली, चेहरा उतरलेला. ती पाया पडायला वाकू लागली तशी ईराण्णांनी तिला खांद्याला धरून थांबवलं. डाव्या हातानं ती पिशवी तिला दिली.

"फोडी तेवढ्या आणल्यात," ते म्हणाले. "रस तिथंच ठिवून घेतला त्येंनी."

मग त्यांनी उजवा हात तिच्यापुढं धरला. बोटं पेरांपर्यंत हळदीनं पिवळी होती, नखांच्या कडांना तिखट वाळलेलं होतं.

"ह्यो हाताला ऱ्हायलाय तेवढा हाय," ते म्हणाले. "वास घे."

शैलानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नाकाशी नेला. लोक दोन्ही बाजूंनी सामान ढकलत जात होते. तिनं तो बराच वेळ सोडला नाही.