ऑफरकाका

आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहणारे अच्युत सबनीस दरवर्षी किमान पाच मेडिकल स्कूलचे ओपन डे, म्हणजे होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना कॉलेज दाखवायचे दिवस, करतात. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना स्वतःला प्रवेश नको आहे, घरात शिकणारं कुणी नाही, आणि रक्त पाहिलं की त्यांना बसायला खुर्ची लागते. तरी खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास आणि डब्यात थालीपीठ घेऊन हा गृहस्थ ट्रेनने कुठल्या कुठल्या गावी जातो आणि सतरा वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत उभा राहतो. दारावरच्या बाईने, "Are you with a student, sir?" असं विचारलं की म्हणतात, "I am with all of them."

लंडनच्या हाउन्सलोतली आम्ही मराठी मंडळी त्यांना ऑफरकाका म्हणतो. इथे मुलं शाळेच्या शेवटच्या वर्षात असतानाच मेडिकलला अर्ज करतात, इंटरव्ह्यू देतात, आणि एकाहून जास्त ऑफर आल्या तर एक पक्की धरायची, एक हाताशी ठेवायची आणि बाकीच्यांना नमस्कार करायचा. पक्की कुठली धरायची यावर घराघरात रणं माजतात. मग काकांना बोलावणं जातं.

काकांनी नोकरीची सगळी वर्षं बसची वेळापत्रकं आखण्यात घालवली. त्यामुळे त्यांची परीक्षाही बसवाल्याची. रँकिंगकडे ते ढुंकून बघत नाहीत. "प्रॉस्पेक्टस म्हणजे लग्नाचा फोटो. त्यात सगळेच हसतात. गाडी कुठे अडते ते बघा," हे त्यांचं पालुपद. मग ते होस्टेलपासून हॉस्पिटलपर्यंत घड्याळ लावून चालतात. होस्टेलच्या फ्रिजमध्ये माणशी किती कप्पे येतात ते बघतात. एका ठिकाणी प्राध्यापकबाई नव्या लॅबबद्दल अर्धा तास तळमळीने बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, कुणाला काही प्रश्न? काका उठले आणि त्यांनी विचारलं, रविवारी हॉस्पिटलहून पहिली बस किती वाजता? बाईंना सांगता आलं नाही. काकांनी वहीत फुली मारली. दुसऱ्या एका नामांकित ठिकाणची लिफ्ट बंद होती. "ज्यांना लिफ्ट बरी करता येत नाही, ते माणसं काय बरी करणार?" असं म्हणून ते जिन्यावरूनच परत फिरले.

मंडळाच्या गणपतीत मी काकांची नक्कल करायचो. पिशवी, वही, फुली, सगळं. लोक पोट धरधरून हसायचे आणि पहिल्या रांगेत काकाही हसायचे. आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

माझ्या ईराने मेडिकलला अर्ज केला तेव्हा अर्थातच काकांनी तिला ताब्यात घेतलं. इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी ते आमच्या सोफ्यावर पेशंट होऊन बसायचे. एकदा ते सिगारेट न सोडणारे पेशंट झाले, तर दोन तास त्या भूमिकेतून बाहेरच येईनात. बायकोने चहा आणला तर म्हणाले, "आधी माचिस द्या." एकदा ईरा पुस्तकात दिल्याप्रमाणे, "I understand how you feel," असं म्हणाली. काका ताडकन उठून बसले. "काय समजलं तुला? सांग बघू! न विचारताच समजलं?" पोरगी गोंधळली. मी स्वयंपाकघरात हसत होतो.

ईराला दोन ऑफर आल्या. पहिली लंडनमधली, पाच वर्षांची. घरून ट्यूबने जाऊन येण्यासारखी. दुसरी पार उत्तरेकडची, सहा वर्षांची. तिथे मध्येच एक वर्ष थांबून वेगळ्या विषयात बीएस्सी करायची आणि शेवटी दोन्ही पदव्या एकत्र घेऊन बाहेर पडायचं. मला यात विचार करण्यासारखं काही दिसतच नव्हतं. पाच वर्षांत डॉक्टर होता येत असताना सहावं वर्ष कशाला? आणि घरचं जेवण सोडून त्या थंडीत कशाला? मी ब्रॅकनेलच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले दोष काढतो, माझ्या तर्कात मला एकही सापडेना. ईराला विचारलं की, "I don't mind, बाबा," एवढंच म्हणायची. शेवटी म्हणाली, "काका सांगतील ते करू."

मला हायसं वाटलं. त्याच संध्याकाळी मी गुपचूप काकांकडे गेलो. म्हटलं, "काका, तुमचं ऐकते ती. पाचवालं सांगा. पोरगी डोळ्यासमोर राहील." काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बघू," म्हणाले.

उत्तर कळवायची मुदत गुरुवारी संपत होती. काका रविवारी दुपारी आले. त्यांनी दोन्हीकडचे कागद टेबलावर मांडले. बस, फ्रिज, लिफ्ट, सगळीकडे बरोबरी. ईरा लॅपटॉप उघडून बसली होती.

"So काका, कुठलं पक्कं करू?"

काकांनी वही मिटली. "हे मला येत नाही," असं म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला. "ज्याला येतं त्याला विचारू. ईरा, याचा स्पीकर लाव."

फोन लागला तो मेघनाला. मेघना म्हणजे काकांची एकुलती मुलगी. ती कॉव्हेंट्रीला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे आणि पन्नाशीला टेकली आहे. काकू गेल्यापासून दर रविवारी संध्याकाळी बापलेकींचा फोन होतो, हवा कशी आहे आणि गोळ्या घेतल्या का, एवढाच.

"बाबा? आत्ता? काय झाला? पडला का तुम्ही?"

"नाही नाही. एक विचारायचं होतं." काकांनी खाकरून घसा साफ केला. "इथे एक मुलगी आहे, ईरा. तिला पाच वर्षांची ऑफर आहे आणि सहा वर्षांची, बीएस्सीवाली. तिने कुठली घ्यावी?"

"तुम्ही मला विचारताय?"

"हो."

"तिला काय पाहिजे ते तिला विचारा. पण मला विचारत असाल तर, six. मला पण सहावालाच पाहिजे होता, बाबा. You knew that."

"तू शाळेच्या ट्रिपला गेली होतीस गं. मुदत संपत होती."

"दहा दिवस होते अजून."

ज्या माणसाने आयुष्यभर मिनिटांचा हिशेब चुकू दिला नाही, तो टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो. होते."

"It's fine, बाबा. खूप वर्ष झाली. मी swimming ला निघाली आहे. Good luck सांगा तिला." फोन बंद झाला.

मग काकाच बोलायला लागले. त्या वेळी उत्तराचा कागद पोस्टाने पाठवावा लागायचा. मेघनाने सही करून तो कपाटावर ठेवला होता, कॉलेजच्या नावापुढे खूण तेवढी करायची राहिली होती. आल्यावर विचार करून करते, म्हणाली होती. "ही म्हणाली, थांबा हो, पोरीला येऊ दे. मी म्हटलं, थांबायचंय कशाला? पाच वर्षं, घरापासून चाळीस मिनिटं, सरळ रूट. मीच खूण केली आणि पेटीत टाकून आलो. घरी येऊन जेवलोसुद्धा व्यवस्थित."

"रागावली ती?" मी विचारलं.

"नाही ना! रागावली असती तर बरं झालं असतं. चांगली डॉक्टर झाली. पण त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. घर घेतलं, सांगितलं. लग्न ठरवलं, सांगितलं. सगळं सांगते हो, वेळेवर सांगते. विचारत नाही." ते थांबले. "बाकीच्यांची पोरं विचारतात. म्हणून मी जातो."

एवढी वर्षं मी या माणसाची नक्कल केली, पण सोबत कुणी पोर नसताना तो त्या गावांना का जातो, हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि आठ दिवसांपूर्वी त्याच्याच घरी जाऊन मी त्याला तीच खूण पुन्हा करायला सांगून आलो होतो. मला ईराकडे बघवेना. तरी बघितलं. "ईरू, तुला कुठलं हवंय?"

"Honestly?"

"Honestly."

"सहावालं. मधल्या वर्षी मला history of medicine करायचंय. पण तुम्ही अपसेट झाला असता."

इतिहास! हा विषय तिला आवडतो हेच मला ठाऊक नव्हतं. झालोच असतो मी अपसेट. खरं सांगायचं तर आत्ताही झालो होतो, घर रिकामं होणार म्हणून. पण मी मान हलवली आणि तिने स्वतःच्या बोटाने उत्तरेचं पक्कं केलं. हसली, आणि लगेच रडलीही.

काका कागद पिशवीत भरायला लागले. तेवढ्यात ईराने डोळे पुसत विचारलं, "काका, मेघनाताईला कशात करायचं होतं? बीएस्सी?"

काकांचा हात पिशवीतच राहिला. "ते... माहीत नाही गं."

"मग विचारा ना!"

"आत्ता ती पोहायला गेली असेल." ते खुर्चीवर पुन्हा टेकले. वही काढली, कोरं पान काढलं आणि ठळक अक्षरात काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर पान लांब धरून त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवलं.

"'मेघना, तुला त्या जास्तीच्या वर्षात काय शिकायचं होतं?' बरं वाटतंय ना हे? उलटतपासणी घेतल्यासारखं नाही ना वाटत?"

"नाही, काका. छान आहे."

"नाही, तीस वर्षांनी विचारतोय," काका म्हणाले, "म्हणून म्हटलं."