एक वीत निःपक्षपात

डाग बशीएवढाच होता. हे कोटेशनराव आजही शपथेवर सांगायला तयार असतात. फक्त घरात आता त्यांची शपथ कुणी ऐकून घेत नाही. मागच्या खोलीच्या छताला, खिडकीवरच्या कोपऱ्यात, गच्चीतून पाझरलेल्या पाण्याचा एक पिवळट डाग पडला होता. बायको म्हणाली, "मिस्त्रीला बोलावते. अर्ध्या दिवसाचं काम आहे." कोटेशनरावांनी चष्मा कपाळावर चढवला, डागाकडे मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "मी बघतो."

(त्या घरात आजवर जे जे बिघडलं, ते या दोन शब्दांनंतर बिघडलं. पण माणूस एकदा "मी बघतो" म्हणाला की त्याला अडवणार कोण?)

कोटेशनराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या खरेदी विभागात ते बावीस वर्षांपासून होते, आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी टाचणीसुद्धा कधी विकत घेऊ दिली नव्हती. पंखे, कपाटं, पंप, एकदा तर अख्खा जनरेटर त्यांच्या टेबलावरून पास झाला. तो जनरेटर चालू कसा करतात हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. वस्तू वापरणं हे त्यांचं काम नव्हतंच. त्यांचं काम तुलनात्मक तक्ता तयार करणं. घरातही तोच कारभार. मागे झाडू आणायचा होता, तेव्हा तक्ता पुरा होईपर्यंत त्यांच्या आईनं शेजारणीचा झाडू इतके दिवस वापरला की शेवटी शेजारणीनं स्वतःसाठी नवा आणला.

या वेळी मात्र प्रकरण झाडूचं नव्हतं. मागच्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र होतं. इतकी वर्षं तिचं काम म्हणजे कुणाच्या पँटची चेन बदल, कुणाच्या उशीचे अभ्रे शीव, असलं किरकोळ. आता पहिल्यांदाच तिला मोठी ऑर्डर मिळाली होती : एका हॉटेलच्या वेटरांसाठी पंचेचाळीस कोट. पांढरेशुभ्र. हॉटेलच्या मॅनेजरबाईंनी साफ सांगितलं होतं, "महिनाअखेरीला मी स्वतः न्यायला येईन. स्वच्छ आणि वेळेत मिळाले तर पुढचं सगळं काम तुमचं. नाहीतर आमचा जुना शिंपी आहेच." त्या दिवसापासून बायको यंत्रावरून उठली नव्हती. हे काम हातचं गेलं तर जन्मभर चेनीच बदलाव्या लागणार, हे तिला पक्कं माहीत होतं आणि तिनं ते नवऱ्यालाही तीनदा ऐकवलं होतं.

"म्हणूनच तर घाई नको," कोटेशनराव म्हणाले. "मिस्त्री येणार, हाताला लागेल तो डबा आणणार आणि फासणार. त्याला विचारा, का फासलंस? काही उत्तर नाही!"

"गळायचं थांबलं की झालं ना? उत्तर काय करायचंय?" आई म्हणाली. आईचं वय ऐंशीच्या आसपास होतं आणि जीभ अजून पंचविशीत होती.

कोटेशनराव कामाला लागले. वॉटरप्रूफिंगच्या मालाची इतकी घराणी असतात, याची त्यांना कल्पनाच नव्हती. रंगासारखं फासायचं ते एक. पावडर आणि दूध कालवून लावायचं ते दुसरं. (दूध म्हणजे दुधासारखं दिसणारं रसायन. आईनं वास घेऊन खात्री केली.) रबरासारखं ताणणारं, डांबराची चादर अंथरून आच देऊन चिकटवायचं, सिमेंटमध्येच मिसळायचं, अशी रांगच लागली. दुकानदारानं पत्रकांचा गठ्ठा दिला आणि मग घरी माणसं येऊ लागली. प्रत्येकाच्या गळ्यात टाय, हातात बॅग, आणि ओठांवर दुसऱ्या कंपनीबद्दल अपार करुणा.

"ते फासायचं काही खरं नाही साहेब," रबरवाला म्हणाला. "उन्हानं तडकतं. आमचा थर कितीही ताणा, तुटायचा नाही." त्यानं बॅगेतून नमुन्याची पट्टी काढली आणि दोन्ही हातांनी ताणली. ती तुटली.

"हा नमुना जुना आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पावडरवाला आला. त्याची पावडर म्हणे काँक्रीटच्या आत शिरून स्फटिक तयार करत होती.

"ते स्फटिक बघायला मिळतील?" कोटेशनरावांनी पेन सरसावलं.

"आत असतात साहेब."

"मग ते आहेत हे कळणार कसं?"

"पाणी गळत नाही ना, म्हणजे ते आहेत."

"आणि गळलं तर?"

"तर तुमची श्रद्धा... म्हणजे, मिश्रण कमी पडलं."

"हा देवळात बसायचा, चुकून दुकानात बसला," आई आतून म्हणाली.

अशा नऊ कंपन्या झाल्या. कोटेशनरावांनी सतरा रकान्यांचा तक्ता आखला. टिकाऊपणा, लवचीकपणा, वास, डब्याचं झाकण, पत्रकातली भाषा, माणसाची वागणूक, सगळ्याला गुण. पक्षपात होऊ नये म्हणून ते इतके जपून गुण देत होते की बेरीज केल्यावर नऊच्या नऊ कंपन्यांना ब्याऐंशी गुण मिळाले. एवढ्यात छतावरच्या बशीचं ताट झालं होतं.

"चिठ्ठ्या टाक," आई म्हणाली.

"मिस्त्रीला बोलवा," बायको यंत्र न थांबवता म्हणाली. तिचे चाळीस कोट शिवून झाले होते.

पण ऑफिसात असा पेच आला की नियम ठरलेला होता : नमुना मागवायचा आणि चाचणी घ्यायची. कोटेशनरावांनी नऊही जणांना फुकट नमुना आणून आपापल्या हातानं गच्चीवर लावायला सांगितलं. मागच्या खोलीवरच्या गच्चीचे नऊ चौकोन पाडले. आणि इथं त्यांच्या बावीस वर्षांच्या अनुभवानं डोकं वर काढलं. त्यांच्या मनात आलं, गच्चीवर आधीचा जुना थर आहे. उद्या पाणी अडलं, तर ते नव्या मालानं अडवलं की जुन्या थरानं, हे ठरवायचं कसं? श्रेयाचा घोळ नको. त्यांनी दोन मजूर लावून जुना थर मुळापासून खरवडून काढला. म्हणजे जी गच्ची एका कोपऱ्यात गळत होती, ती आता सगळीकडून गळायला मोकळी झाली.

दुसरा विचार याहून खोल होता. एका कंपनीचा माल शेजारच्या कंपनीच्या मालाला चिकटला, तर चाचणी दूषित होणार. म्हणून त्यांनी दर दोन चौकोनांच्या मध्ये एक वीत रुंदीची पट्टी कोरी ठेवली. तिथं काहीही लावायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. खडूनं रेघा मारल्या, स्वतः उभं राहून पहारा केला. रबरवाल्याचा ब्रश दोन बोटं पट्टीत गेला, तर ते त्यांनी पत्र्यानं खरवडायला लावलं. काम संपल्यावर ते गच्चीच्या दारात उभे राहिले आणि आयुष्यात कधी नव्हे एवढे खूश झाले. नऊ रंगांचे नऊ चौकोन, आणि मधून सरळसोट कोऱ्या पट्ट्या. असा स्वच्छ तक्ता त्यांनी कागदावरही कधी केला नव्हता.

आई जिना चढून आली, बघत राहिली. "फुली-गोळा खेळायचाय का इथं?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उतरली.

थर सुकायला चार दिवस दिले. पाचव्या दिवशी दुपारी चाचणी. गच्चीचं पाणी जायचं भोक फडकं कोंबून बंद करायचं, घोट्याएवढं पाणी साठवायचं आणि खाली बसून कुठं गळतं ते पाहायचं. बायको तेव्हा बटणं आणायला निघाली होती. पंचेचाळीस कोट तयार होते, फक्त शेवटची बटणं राहिली होती. सगळे कोट मागच्या खोलीत दोन दोऱ्यांवर ओळीनं टांगलेले होते.

"अहो, आधी कोट उतरवून पुढच्या खोलीत ठेवू का?" तिनं विचारलं.

"नऊ कंपन्या आहेत अगं! नऊ! एकीचा तरी भरवसा आहे की नाही तुला?"

"कंपन्यांचा आहे," ती म्हणाली आणि घाईत निघाली. बस चुकली असती.

कोटेशनरावांनी नळी सोडली. गच्ची भरली. मग ते मागच्या खोलीत आले, मधोमध खुर्ची टाकली, मांडीवर वही घेतली आणि वर पाहत बसले. वहीत छताचे नऊ चौकोन आखलेले होते. अर्धा तास गेला. त्यांनी लिहिलं, "क्रमांक एक : पूर्ण कोरडा." वर पाहिलं. "क्रमांक दोन : पूर्ण कोरडा." त्यांचा ऊर भरून आला. तीन, चार, पाच, सगळे कोरडे! क्रमांक सहा लिहिताना शाई फुटली. त्यांनी वही पुसली. सातला पेन उमटेना. आठला चष्म्यातून दिसेना. नववा "पूर्ण कोरडा" त्यांनी अंदाजानंच लिहिला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण स्वतः नखशिखान्त भिजलो आहोत.

त्यांनी वर पाहिलं. नऊ चौकोन खरोखर कोरडे ठणठणीत होते. आणि त्यांच्या मधल्या चार पट्ट्यांतून, दोन उभ्या, दोन आडव्या, पाणी धारेनं येत होतं. खरवडलेल्या गच्चीतली सगळी चुना-माती घेऊन, चहाच्या रंगाचं. दोन्ही दोऱ्या नेमक्या उभ्या पट्ट्यांखाली होत्या.

"अरे कोट! कोट!" आई दारातून किंचाळली. "फडकं काढ वरचं!"

"हो, पण चाचणी..."

"चाचणी गेली खड्ड्यात! आधी फडकं काढ!"

ते जिन्यावरून धावले, घोटाभर पाण्यात घसरून पडले, फडकं उपसलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. बायको परत आली तेव्हा आई एकेक कोट बादलीत टाकत होती.  बायकोनं हातातली बटणांची पुडी खिडकीत ठेवली, एक कोट उचलला, खांद्यापासून खालपर्यंत उतरलेला तपकिरी ओघळ पाहिला आणि भिंतीशी खाली बसली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं कोटेशनरावांना वाटलं. 

"मी बघतो," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"तुम्ही," बायको म्हणाली, "आता काहीही बघायचं नाही."

तरी त्यांनी नऊही जणांना फोन केले. जबाबदारी निश्चित व्हायला नको? सगळे दुसऱ्या सकाळी आले. प्रत्येकानं आपला चौकोन खालून पाहिला, हात फिरवून पाहिला.

"आमचा कोरडा आहे साहेब. गळतंय ते शेजाऱ्याच्या बाजूनं."

"शेजारी म्हणतो त्याचाही कोरडा आहे."

"मग मधे कुणाची कंपनी आहे?"

मधे कुणाची कंपनी होती, ते कोटेशनरावांना सांगवेना. नऊ जणांनी आपापल्या चौकोनाचे फोटो काढले, दाखला म्हणून कोटेशनरावांची सही मागितली, आणि आजवर एकमेकांचं तोंड न पाहणारी ती माणसं हसत-खिदळत, चहाला एकत्र गेली. वहीत त्यांच्याच अक्षरात नऊ वेळा "पूर्ण कोरडा" लिहिलेलं होतं. सही द्यावीच लागली.

दुपारी बायकोनं मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गच्ची पाहिली, पुन्हा पाहिली, कमरेवर हात ठेवले.

"हे कुणी आखलं?"

"का?" कोटेशनराव सावधपणे म्हणाले.

"आखलंय सरळ," मिस्त्री म्हणाला. "चाळीस वर्षं झाली, पाणी आत सोडायला इतकी सुबक वाट केलेली पाहिली नाही." मग त्यानं नमुन्यांच्या उरलेल्या डब्यांतला एक उचलला, पट्ट्या भरल्या आणि सगळ्यावरून एकच हात फिरवला.

"यातली कोणती कंपनी निवडलीत?" कोटेशनरावांना राहवेना.

"जिचं झाकण उघडं होतं ती."

कोटेशनराव तीन दिवस रजेवर राहिले. ऑफिसात त्यांनी कारण लिहिलं नाही. पहिले दोन दिवस ते मोरीत उकिडवे बसून कोट घासत होते. आई खुर्ची टाकून शेजारी बसली होती आणि काखेतला मळ राहिला की काठीनं दाखवत होती. तिसऱ्या दिवशी सकाळपासून इस्त्री. बायको शेवटची बटणं लावून एकेक कोट टेबलावर टाकायची, ते कॉलरपासून सुरुवात करायचे. कोणती पद्धत चांगली, असा प्रश्न त्यांनी एकदाच काढला. बायकोनं फक्त वर छताकडे पाहिलं.

मॅनेजरबाई आल्या तेव्हा बेचाळीस कोट घडी घालून ठेवलेले होते आणि त्रेचाळिसाव्यावर इस्त्री चालू होती. बाईंनी सहा-सात उघडले, उजेडात धरले, शिवण तपासली, आत-बाहेर पाहिलं. बायको एकेक घडी मोडताना बघत होती. कोटेशनरावांनी इस्त्री थांबवली नाही, थांबवली तर कोट जळणार होता.

"छान," बाई म्हणाल्या. "शिवण तर आहेच, पण इस्त्री फार नीटस आहे. पुढच्या महिन्यात शंभर पडदे आणि साठ कोट पाठवते. हा माणूस तोवर राहील ना तुमच्याकडे? आमच्याकडे चांगले इस्त्रीवाले टिकत नाहीत."

बायकोनं टेबलाकडे एकदा पाहिलं. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

"राहील की," ती म्हणाली. "कामाला चांगला आहे. फक्त त्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही."

"पगार काय घेतो?"

"दोन वेळचं जेवण," आतून आई म्हणाली. "आणि तेही चव न बघता खातो."

कोटेशनरावांनी मान वर केली नाही. त्रेचाळिसाव्याची घडी घातली आणि मॅनेजरबाईंनी बोटानं दाखवलेला चव्वेचाळिसावा पुढ्यात ओढला.