गोळ्यांना मज्जाव

बुरामिनचं जुनं थिएटर पाडून तिथे गाड्या लावायची सोय करायची, असं नगरपालिकेत घाटत होतं. शेवटचा शब्द मेयर नेव्हिलचा. म्हणून डल्सीबाईंनी त्याला आज खास खेळाला बोलावलं होतं. सिनेमा जुना, काळा-पांढरा. बायकांनी लांब झगे आणि पुरुषांनी गळ्यात बो घालूनच यायचं, अशी सक्त ताकीद. तरुणपणी बाई याच थिएटरात टॉर्च घेऊन लोकांना जागा दाखवायच्या आणि दंगेखोर पोरांना बाहेर काढायच्या. तेव्हापासून त्या थिएटर वडिलोपार्जित असल्यासारख्या वागत.

"काय रुबाब होता रे तेव्हा!" सॅटिनच्या झग्यात स्वतःला कोंबत त्या म्हणाल्या.

"डोंबलाचा रुबाब," नवरा क्लॅरी म्हणाला. "पत्रा तापायचा, कुत्री पायात झोपायची आणि पोरं उतारावरून गोळ्या सोडायची."

"त्या गोळ्यांचं नाव काढू नकोस! मेल्यांनी सगळी शोभा घालवली. आज एक गोळी आत जाणार नाही."

आता बुरामिनमध्ये सिनेमाला जायचं म्हणजे चॉकलेटच्या त्या टणक नारिंगी गोळ्या खिशात हव्याच. सत्तरीच्या आजोबांकडेही पुडी निघाली. बाईंनी दारातच सगळ्यांच्या गोळ्या काढून बिस्किटाच्या मोठ्या डब्यात ओतल्या. डब्याचं झाकण काही लागेना.

"माझ्याकडे दे," क्लॅरी म्हणाला.

"म्हणजे तू फस्त करणार!" बाई डबा मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत नेव्हिलशेजारी बसल्या. जुनी टॉर्चही मिरवायला आणली होती, ती दोघांच्या खुर्च्यांमधल्या हातावर ठेवली.

आत सगळे दिवाणखान्यात आल्यासारखे गप्प. नेव्हिलनं जांभई दिली, घड्याळ पाहिलं. बाईंना वाटलं, गेलं आपलं थिएटर!

तेवढ्यात दिवे मंद झाले आणि पूर्वी खेळाआधी वाजायचं ते इंग्लंडच्या राणीच्या मानाचं गाणं सुरू झालं. त्याला उभं राहायची जुनी सवय! बाई ताडकन उभ्या राहिल्या.

डबा उलटला. उघड्या लाकडी उतारावरून शेकडो गोळ्या गडगडत थेट पडद्यापर्यंत गेल्या. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी कडक शिट्टी मारली आणि थिएटर हसून हसून लोळायला लागलं.

नेव्हिलनं टॉर्च उचलली आणि झोत बाईंच्या तोंडावर मारला. "कुणी सोडल्या?"

"हिनंच!" क्लॅरीनं इमानदारीत सांगितलं.

"चला, बाहेर!"

"अरे नेव्हिल, चुकून..."

"मीही हेच सांगायचो, डल्सीबाई. तुम्ही कधी ऐकलंत?"

बाई बाहेर पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. क्लॅरी शेजारी टेकला. "वाट लावली रे मी," त्या म्हणाल्या. आतून हसण्याचा कल्लोळ ऐकू येत होता.

खेळ संपल्यावर नेव्हिल बाहेर आला. बो कानाशी गेलेला, गोळ्या खाऊन ओठ नारिंगी. "पुढच्या शनिवारी कोणता सिनेमा?"

"पुढच्या? तू पाडणार ना हे?"

"पाडतो होय! लहानपणी तुम्ही मला एकाही सिनेमाचा शेवट बघू दिला नाहीत. ते सगळे बघून झाल्याशिवाय विटेला हात लावू देत नाही."

बाईंनी डोळे पुसले. "मग आजचा शेवट मला पुन्हा लावून दाखव ना रे."

"छे! हाकललेल्याला त्या दिवशी परत घ्यायचं नाही. नियम तुमचाच."

झग्याच्या चुणीत एक गोळी अडकलेली होती. क्लॅरीनं हात पुढे केला. बाईंनी ती स्वतःच्याच तोंडात टाकली.